फुल फ्रेम घ्यायचा का? नोंद ९: दशावताराच्या दोन रात्री आणि पाच पट्टे

पाच पट्टे. आडवे, करडे, वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर. पहिल्या रात्री दशावताराच्या खेळात निकॉन झेड ६ टू वर काढलेल्या ८१२ फ्रेम्सपैकी एकही त्यांच्यातून सुटली नाही. गणपतीच्या सोंडेवर पट्टा, रिद्धी-सिद्धीच्या नऊवारीवर पट्टा, संकासुराच्या लाल जिभेच्या बरोबर मधोमध पट्टा. आणि हे सगळं भाड्यानं आणलेल्या फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यावर. असा फुल फ्रेम घेण्यासाठी मी गेले काही महिने पैसे बाजूला काढतोय.

त्याच रात्री, त्याच जागेवरून, माझ्या जुन्या निकॉन डी७२०० वर, म्हणजे लहान (क्रॉप) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ६४ फ्रेम्स काढल्या होत्या. त्यांत आयएसओ ६४०० चे, म्हणजे कमी उजेड वाढवून घेतल्याचे, नेहमीचे दाणे (नॉइज) होते, पण पट्टे नव्हते. पहाटे दहीकाला होऊन माणसं पांगली, मी मामाच्या पडवीत लॅपटॉप उघडला आणि दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून बघत बसलो. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

मागच्या नोंदीत ठरवलं होतं त्याप्रमाणेच सगळं केलं होतं. त्रिपुरी पौर्णिमेनंतर आजोळी जत्रांना सुरुवात झाली की कुडाळ तालुक्यातल्या दोन गावांत दोन रात्री बसायचं, दोन्ही बॉड्यांवर तीच ८५ मिलिमीटरची एफ/१.८ जी लेन्स लावायची आणि मग निर्णय घ्यायचा. फोंडा घाटातून कोल्हापूरहून खाली उतरताना मी जवळजवळ मनात घेऊनच टाकला होता कॅमेरा.

आता चूक कुठे झाली ते. गेल्या वर्षी मी पखवाजवाल्याच्या शेजारी, अगदी पुढे जमिनीवर बसलो होतो. राणीचा विलाप चालला होता, पेटी हळू झाली होती, आणि माझं शटर खटखट वाजत होतं. मागून एक आजोबा म्हणाले, "रे झिला, जरा ऱ्हव मरे." ते शब्द वर्षभर टोचत होते. म्हणून या वेळी मिररलेस हातात आल्याबरोबर पहिलं काम केलं ते सायलेंट मोड लावण्याचं, म्हणजे शटरचे पडदे न हलवता फोटो. आवाज शून्य. कोणी मान वळवून बघितलं नाही. मागच्या छोट्या पडद्यावर पट्टे नीट कळत नव्हते, आणि मी झूम करून बघितलं नाही.

उलगडा केला मामानं. तो वीज मंडळात लाइनमन होता, आता निवृत्त. चहा घेऊन बाहेर आला, स्क्रीनकडे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ह्ये दिवे हत रे. सेकंदाक शंभर येळा उगडझाप करतत. डोळ्यांक दिसणा नाय, तुझ्या कॅमेऱ्याक दिसता."

पन्नास हर्ट्झ मला माहीत होतं. पण विजेची एक पूर्ण लाट होताना दिवा दोनदा उजळतो आणि दोनदा मावळतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, हे कधी फोटोशी जोडून बघितलं नव्हतं. सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. ते वाचून होईपर्यंत दिवा पाच वेळा मावळला, म्हणून पाच पट्टे. म्हणजे अख्खी फ्रेम वाचायला पाच भागिले शंभर, साधारण १/२० सेकंद लागतो. शटर १/२५० ठेवा नाहीतर १/२०००, वरची ओळ आणि तळची ओळ यांच्यात तेवढा वेळ जाणारच. तुमच्याकडे कुठलाही मिररलेस असेल तर स्वस्त एलईडीखाली पांढऱ्या भिंतीचा सायलेंट मोडमध्ये एक फोटो काढा आणि पट्टे मोजा. सेन्सर किती वेगानं वाचला जातो ते घरबसल्या कळतं. मला हा हिशेब इतका आवडला की मी त्या पहाटे झोपलोच नाही.

मग प्रश्न आला: डी७२०० वर पट्टे का नाहीत? त्या ६४ फ्रेम्स मी पुन्हा एकेक करून पाहिल्या. पट्टे नव्हते, पण दुसरा रोग होता. लागोपाठ काढलेल्या सहा फ्रेम्स: पहिली उजळ, दुसरी काळवंडलेली, तिसरी मधली, चौथीचा वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा तांबूस-तपकिरी. मॅन्युअल मोड, तोच आयएसओ, तेच अ‍ॅपर्चर, तोच १/२५०. शटरचे पडदे सेन्सरवरून काही सहस्रांश सेकंदांत खाली जातात, म्हणून पाच पट्टे पडत नाहीत. पण दिव्याची एक उघडझाप १० मिलिसेकंदांची आणि माझं शटर उघडं ४ मिलिसेकंद. ते चार नेमके उजेडाचे मिळाले तर फ्रेम छान, मावळतीचे मिळाले तर काळी. निव्वळ नशिबाचा भाग.

नोंद ४ मध्ये मी लिहिलं होतं की क्रॉप सेन्सर आता थकला, रात्रीच्या फ्रेम्स विनाकारण अंधाऱ्या येतात आणि त्या वर उचलल्या की नॉइज उसळतो. ते विधान मी मागे घेतो. नॉइज होता, पण निम्म्या फ्रेम्समध्ये तो अंडरएक्स्पोजरमधून येत होता आणि अंडरएक्स्पोजर दिव्यातून.

एक गोष्ट तर आणखी जिव्हारी लागली. २०१५ चा हा कॅमेरा पहिली काही वर्षं मला जत्रेत छान फ्रेम्स द्यायचा. तेव्हा मांडवात हॅलोजन असायचे. हॅलोजनची तार तापलेली असते, दोन लाटांच्या मधल्या क्षणात ती थंड व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे उजेड जवळजवळ सलग. त्याआधी मामाच्या लहानपणी पेट्रोमॅक्स असायच्या, त्यांना तर विजेची लाटच नाही. मग मंडपवाल्यांनी एलईडीचे फ्लड आणले. वजनाला हलके, बिल कमी, जनरेटरवर ताण कमी. त्यांनी योग्यच केलं. पण त्यातल्या स्वस्त फ्लडमध्ये लाट सपाट करणारा धड ड्रायव्हर नसतो. म्हणजे ज्या वर्षांत मला वाटत होतं की माझा कॅमेरा म्हातारा होतोय, त्याच वर्षांत मांडवातले दिवे बदलत होते. फुल फ्रेमची माझी ओढ तिथून सुरू झाली होती.

दुसऱ्या रात्री दुसरं गाव. दुपारीच फोनवर सेकंदाला २४० फ्रेम्सचा स्लो मोशन व्हिडिओ काढून मांडवातले सगळे दिवे तपासले. चार मोठे पांढरे फ्लड स्पष्ट लुकलुकत होते. देवळाच्या ओवरीतला एक जुना पिवळा दिवा शांत. ही तपासणी आता मी प्रत्येक ठिकाणी करणार, दोन मिनिटांचं काम आहे. फोन नसेल तर दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. सलग पट्टा दिसला तर दिवा चांगला, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर समजून घ्या.

झेड ६ टू मेकॅनिकल शटरवर घेतला आणि फ्लिकर रिडक्शन चालू केलं. हे फीचर दिव्याची लय ओळखतं आणि उजेड शिगेला असेल त्या क्षणाची वाट बघून शटर सोडतं. फरक आश्चर्यकारक. १/२५०, एफ/२.२, आयएसओ ६४००, आणि लागोपाठच्या फ्रेम्स एकसारख्या. बर्स्ट (लागोपाठ फ्रेम्सचा वेग) थोडा मंदावतो, बोट दाबल्यावर किंचित अडखळल्यासारखं वाटतं, पण तासाभरात सवय होते. एकाच ठिकाणी ते हरलं. रंगमंचाच्या दोन कोपऱ्यांत निळे-जांभळे पार लाइट (रंगमंचाचे रंगीत एलईडी दिवे) होते आणि ते मंद केलेले. मंद करताना हे दिवे शंभरच्या कितीतरी पट वेगानं उघडझाप करतात, आणि फ्लिकर रिडक्शनला शंभर आणि एकशेवीस एवढ्याच लयी कळतात. त्या कोपऱ्यात पात्र गेलं की चेहऱ्यावर बारीक रेघा येत होत्या. पूर्ण उजेडावर लावले की रेघा गेल्या. मंडपवाल्या पोराला विनंती केली, त्यानं आनंदानं नॉब फिरवला.

बॅटरीबद्दल सांगून ठेवतो. भाड्यानं देणाऱ्यानं एकच बॅटरी दिली होती, तीही दमलेली. पालखी प्रदक्षिणेनंतर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणाऱ्या खेळाला मिररलेसची एक बॅटरी पुरत नाही. माझ्या डी७२०० च्या ईएन-ईएल१५ तिथे चालल्या म्हणून रात्र निभावली. भाड्यानं घेताना बॅटऱ्या किती, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

आता डी७२०० चं काय केलं ते, कारण या सगळ्या खटाटोपातलं खरं समाधान तिथे मिळालं.

दिव्याची एक उघडझाप १/१०० सेकंदाची. शटर बरोबर १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला, फ्रेमच्या प्रत्येक ओळीला, एक पूर्ण उघडझाप मिळते. कुठून सुरू केली याला महत्त्वच उरत नाही. गणित इतकं सोपं आणि मी वर्षानुवर्षं १/१२५ किंवा १/२५० लावत होतो. का, तेही सापडलं. माझा कॅमेरा एक्स्पोजरच्या अर्ध्या स्टेपवर सेट होता, आणि अर्ध्या स्टेपमध्ये १/६०, १/९०, १/१२५ अशी घरं असतात. १/१०० त्यात नाहीच. एक तृतीयांश स्टेपवर आणल्यावर ते घर दिसलं. तुम्हीही आजच तपासून बघा.

१/१०० लावला आणि उजेडाचा लपंडाव थांबला. लागोपाठ चाळीस फ्रेम्स, हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) एकावर एक बसणारे. जनरेटरवर लय थोडी पुढेमागे होते, पन्नासऐवजी एक्कावन्न हर्ट्झ वगैरे, पण तेवढ्यानं डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही.

अडचण उघड आहे. आख्यानात युद्ध सुरू झालं, पात्रं गिरक्या घेऊ लागली की १/१०० ला सगळं पुसट. पहिल्या पंधरा मिनिटांत एकही फ्रेम धड आली नाही. मग मी व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढला आणि नुसता पखवाज ऐकला. गिरकी, गिरकी, पाऊल, आणि समेवर थाप पडते तेव्हा नट जागच्या जागी थिजतो. तलवार वर, मान वळलेली, डोळे ताणलेले. अर्धा क्षण, पण तो अर्धा क्षण १/१०० ला भरपूर आहे. समेची थाप ऐकून दाबलं तर उशीर होतो, म्हणून थाप पडायच्या किंचित आधी बोट दाबायचं. दहा-बारा आवर्तनांनंतर ते हाताला कळायला लागलं. त्या तासाभरात अकरा फ्रेम्स मिळाल्या, टोकदार, मुकुटावरचा जरीचा प्रत्येक धागा सुटा दिसणाऱ्या. दशावतार मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्या रात्री पहिल्यांदा तालासकट बघितला असं वाटलं.

आणि इथे तो आकडा समोर आला. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. माझा २३.५ बाय १५.६, म्हणजे साधारण ३६७. फरक २.३५ पट, सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). १/२५० वरून १/१०० वर आलो की उजेड अडीच पट मिळतो, सव्वा स्टॉपहून जरा जास्तच. आयएसओ ६४०० ऐवजी २५०० पुरला. म्हणजे फुल फ्रेमनं मला नॉइजमध्ये जे दिलं असतं, तेवढं समेची वाट बघून मिळालं.

खात्री करायला कोल्हापूरला आल्यावर लॅबमध्ये बारा बाय अठराच्या तीन जोड्या छापून घेतल्या. झेड ६ टू चं आयएसओ ६४००, डी७२०० चं आयएसओ २५००, मागे फक्त पेन्सिलीनं खूण. चेहऱ्याच्या दोन जोड्यांत मला स्वतःलाच ओळखता आलं नाही. तिसरी जोडी संकासुराची. त्याचा पोशाख काळा, टोपरं काळं, मागचा पडदाही गडद. तिथे मात्र फुल फ्रेम जिंकला. सावलीतून फ्रेम वर उचलल्यावर टोपऱ्याच्या चुण्या त्यात दिसतात, माझ्या फ्रेममध्ये त्या जागी सपाट काळं येतं. हा फरक खरा आहे आणि मी तो लपवणार नाही. नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती फ्रेम फिरवून बघितली. दाणे गेले, पण कापडाची वीणही गेली. टोपरं प्लास्टिकचं वाटायला लागलं. तो मार्ग मला नको.

दुसरी अडचण लेन्सची. माझ्या जागेवरून क्रॉपवर ८५ बरोबर बसते. फुल फ्रेमवर तीच चौकट हवी तर १३० च्या आसपास लागते. तिथे एफ/२.८ ची लेन्स लावली की क्रॉपवर ८५ एफ/१.८ जेवढा उजेड गोळा करते जवळजवळ तेवढाच झाला, म्हणजे सव्वा स्टॉप हातातून गेला. फायदा टिकवायचा तर १३५ एफ/१.८ हवी, आणि २०२३ मध्ये आलेली निकॉनची तशी लेन्स, प्लेना, माझ्या हिशेबात कुठल्याच बाजूनं बसत नाही. पुढे सरकून बसावं तर पखवाजवाल्याच्या मांडीवरच बसावं लागेल. झेड ६ टू डीएक्स क्रॉपमध्ये (सेन्सरचा फक्त मधला, माझ्या कॅमेऱ्याएवढा भाग) वापरला तर सव्वादहाच्या आसपास मेगापिक्सेल उरतात आणि मोठ्या सेन्सरचे पैसे वाया.

शिवाय माझी १८० एफ/२.८ एएफ-डी. तुमच्यातल्या ज्यांनी तिच्यावरची नोंद ६ वाचली त्यांना माहीत आहे की ती लेन्स मी विकणार नाही. तिला फोकस करणारी मोटर बॉडीत लागते. डी७२०० मध्ये ती आहे, जुन्या लेन्स झेडला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये नाही. पहिल्या रात्री ती झेडवर हातानं फोकस करून बघितली. स्थिर पात्रावर पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) आधारानं जमतं, युद्धात नाही.

म्हणून मागच्या नोंदीतला तक्ता मी फाडला. त्यात जुना डी७५० वरच्या जागेवर होता: फुल फ्रेम, मोटर आहे, माझ्या फुल फ्रेमच्या लेन्स तशाच लागतात. पण त्या तक्त्यात फ्लिकरचा रकानाच नव्हता. डी७५० मध्ये स्थिरचित्रांसाठी फ्लिकर रिडक्शन नाही. म्हणजे मी लाखभर जमवून फुल फ्रेम घेतला असता आणि पुढच्या जत्रेत पुन्हा निम्म्या फ्रेम्स काळ्या आल्या असत्या. डी८५० मध्ये सगळं आहे, पण ४५ मेगापिक्सेलच्या रात्रभराच्या रॉ फाइल्स माझा लॅपटॉप पेलणार नाही.

आणि मग नवा रकाना भरताना एक नाव वर आलं, जे मी वर्षापूर्वी क्रॉप म्हणून बाजूला ठेवलं होतं. डी५००. २०१६ चा, डीएक्स, फ्लिकर रिडक्शन आहे, फोकसची मोटर आहे, सेकंदाला दहा फ्रेम्स. माझी ८५ तिथेच बसते, १८० तशीच चालते, सिग्मा १८-३५ एफ/१.८ विकावी लागत नाही (तिच्याइतकी कामाची झूम मी क्रॉपवर दुसरी पाहिलेली नाही). नॉइज माझ्या कॅमेऱ्याच्याच जवळपास असेल, संकासुराचं टोपरं तो सोडवणार नाही. पण १/२५० ला युद्ध पकडून देईल. कोल्हापुरातल्या एका पक्षीवाल्या मित्राकडे आहे, आठवडाभर द्यायला तयार झाला आहे.

ही नोंद इथे संपवणार होतो, पण काल रात्री मामाचा फोन आला. तोही यावर विचार करत बसला होता. म्हणाला, "कॅमेरो कित्याक बदलतंस? तीन दिवे तीन फेजार लाव."

मला समजायला अर्धा मिनिट लागला. थ्री फेज पुरवठ्यात तिन्ही लाटा एकमेकींच्या मागेपुढे धावतात. एका फेजवरचा दिवा मावळतो तेव्हा दुसऱ्या फेजवरचा उजळत असतो. एकाच जागी रोखलेले तीन फ्लड तीन वेगळ्या फेजवर जोडले तर एकाचा खड्डा बाकीचे दोन भरून काढतात. दिवे तेच स्वस्त, कॅमेरा तोच, आणि उजेड जवळजवळ हॅलोजनसारखा सलग. देवळात पंपासाठी थ्री फेज कनेक्शन आहे, आणि मोठ्या जत्रेला येणारा जनरेटरही थ्री फेजचा असतो. आज सगळे फ्लड एकाच बोर्डातून, एकाच फेजवर निघतात, कारण तसं ओढणं सोपं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे काम वायरमननंच करायचं. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, मांडवात लोखंडी खांब असतात आणि खाली पोरं बसलेली असतात. आमच्याकडे मामा स्वतः करणार आहे, आणि आधी स्वतःच्या अंगणात, शेतपंपाच्या कनेक्शनवर.

शनिवारी मी पुन्हा खाली उतरतोय. शंभर वॉटचे तीन फ्लड मंडपवाल्यानं एक दिवसासाठी द्यायचं कबूल केलंय. त्यालाही उत्सुकता आहे, कारण हल्ली खेळ मोबाइलवर चित्रित करणारी पोरं त्याच्याकडेच लुकलुकीची तक्रार करतात. एक फेज, दोन फेज, तीन फेज अशा तिन्ही जोडण्यांत पांढऱ्या चादरीचे फोटो डी७२०० वर १/२५० ला काढीन, प्रत्येकी पन्नास, आणि हिस्टोग्राम शेजारी ठेवीन. मित्राचा डी५०० सोबत असेलच. भाड्याचा झेड ६ टू परत गेलाय, पैसे बँकेतच आहेत.

तुमच्यापैकी कोणी डी५०० किंवा डी७५०० घेऊन अशा फ्लडखाली कबड्डी, तमाशा, भजन, काहीही टिपलं असेल तर फ्लिकर रिडक्शन लावल्यावर बर्स्ट नेमका कितीवर येतो ते कळवा. आणि काळा पोशाख असेल तर ती रॉ फाइल पाठवा. संकासुराच्या टोपऱ्यासाठी मला ती बघायची आहे.